तेवीस सेमिनार आणि एक कोरी वही

एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. ते थोडक्यात असे:

"स. न. वि. वि. मी पाचवी ते सातवीच्या वर्गांना गणित शिकवते. गेल्या वर्षभरात मी २३ ऑनलाइन सेमिनारना हजेरी लावली आणि प्रत्येकाचे प्रमाणपत्र माझ्याकडे आहे. परवा एका सहकारी शिक्षिकेने सहज विचारले, 'त्या अपूर्णांकांच्या सेमिनारमध्ये काय सांगितले?' तेव्हा मला दोन वाक्यांपलीकडे काहीच सांगता आले नाही. वक्ते चांगले होते, एवढेच आठवत होते. सेमिनार सुरू असताना मी वह्या तपासते, मध्येच ईमेल पाहते आणि 'रेकॉर्डिंग येणारच आहे' अशी स्वतःची समजूत घालते. आजवर मी एकही रेकॉर्डिंग पूर्ण पाहिलेले नाही. प्रश्न विचारावासा वाटतो, पण दीडशे लोकांसमोर आपला प्रश्न बाळबोध ठरेल, या भीतीने हात आखडतो. माझे काय चुकते आहे? की ऑनलाइन सेमिनार हा प्रकारच कुचकामी आहे?"

प्रिय ताई,

पत्राच्या शेवटी तुम्ही जे दोन प्रश्न विचारले आहेत, त्यांतल्या दुसऱ्याचे उत्तर आधी देते. ऑनलाइन सेमिनार कुचकामी नाहीत. मी काही वर्षे अशा सेमिनारचे सूत्रसंचालन करत आले आहे, आणि एका तासाच्या सत्रातून एखाद्याच्या शिकवण्याची दिशा बदललेली मी पाहिली आहे. तुमची स्मरणशक्तीही उणी नाही. फरक आहे तो सभागृह आणि पडदा यांत. सभागृहात जाणाऱ्या माणसाचे निम्मे काम त्याच्या नकळत होऊन जाते. तो घरातून निघतो, वाटेत विषयाचा विचार करतो, खुर्चीवर बसल्यावर वह्या तपासू शकत नाही, आणि मधल्या सुटीत शेजारी बसलेला अनोळखी माणूस "तुम्हाला पटले का हे?" असे विचारतो, तेव्हा त्याला ऐकलेले पुन्हा स्वतःच्या शब्दांत मांडावे लागते. ऑनलाइन सेमिनारची लिंक मात्र एका क्षणात उघडते आणि एका क्षणात बंद होते. त्या तासाच्या एका बाजूला सहामाहीच्या उत्तरपत्रिका असतात, दुसऱ्या बाजूला उद्याचा पाठ असतो, आणि मधल्या तासाला स्वतःची अशी जागाच उरत नाही. जे काम प्रवासाने, खुर्चीने आणि शेजाऱ्याने केले असते, ते आता तुम्हाला जाणीवपूर्वक करावे लागेल. या उत्तरात मी जे सांगणार आहे, ते सगळे त्या कामाविषयी आहे.

सर्वांत आधी संख्या कमी करा. वर्षाला २३ म्हणजे महिन्याला जवळजवळ दोन, आणि त्यांपैकी किती सेमिनारना तुम्ही गरज होती म्हणून गेलात आणि किती ठिकाणी केवळ निमंत्रण आले म्हणून नाव नोंदवले, हे तुमचे तुम्हीच पाहा. निमंत्रणपत्रिका नीट वाचली की बरेच कळते. मी स्वतः त्यात आधी प्रश्नोत्तरांसाठी राखलेला वेळ पाहते. तासाच्या सत्रात ५५ मिनिटे व्याख्यान असेल आणि उरलेल्या पाच मिनिटांत आभारप्रदर्शनही उरकायचे असेल, तर तिथे प्रत्यक्ष हजर राहून विशेष लाभ नाही. ते व्याख्यान नंतर सवडीने ऐकता येते. वीस मिनिटे प्रश्नांसाठी असतील, तर मात्र त्या वेळी तिथे असायलाच हवे, कारण ती वीस मिनिटे रेकॉर्डिंगमध्ये ऐकता आली तरी त्यांत तुमचा प्रश्न घालता येत नाही. दुसरी गोष्ट विषयाच्या शब्दांची. "गणित अध्यापनातील नवे प्रवाह" या मथळ्याखाली वक्ता काहीही सांगू शकतो. "भिन्न छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज शिकवताना होणाऱ्या चुका" असा मथळा असेल, तर सांगणाऱ्याने निदान आपल्यासमोर कोणता वर्ग आहे याचा विचार केलेला असतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. सेमिनारला जाताना तुमच्याजवळ स्वतःचा एक प्रश्न असला पाहिजे, आणि तो लिहिलेला असला पाहिजे. "काहीतरी नवे कळेल" ही अपेक्षा घेऊन बसलेल्या माणसाच्या कानावरून चांगली वाक्येही नुसती वाहून जातात. तुमच्याच विषयातले उदाहरण घेऊ. १/२ आणि १/३ यांची बेरीज मुले २/५ अशी करतात, म्हणजे अंशात अंश मिळवतात आणि छेदात छेद. या एका चुकीपायी तुम्ही आजवर बरीच लाल शाई खर्च केली असेल. समच्छेदाचा नियम पुन्हा समजावला की मुले आठवडाभर बरोबर उत्तरे लिहितात आणि चाचणीत पुन्हा मूळ पदावर येतात. सेमिनारच्या आधी पंधरा मिनिटे वही घेऊन बसलात आणि "नियम सांगण्यापूर्वी मुलांना नेमके काय दिसायला हवे, म्हणजे त्यांना स्वतःलाच २/५ हे उत्तर खटकेल?" असे वरच्या ओळीत लिहिलेत, तर त्या क्षणापासून तुमचे ऐकणे बदलते. वक्त्याने संख्यारेषा काढून, बोलता बोलता, "२/५ हे तर १/२ पेक्षाही लहान आहे, अर्ध्यात भर घातली आणि एकूण कमी कसे झाले?" असे म्हटले, तर ज्याच्याजवळ प्रश्न नाही तो मनात "छान उदाहरण" म्हणून पुढे जाईल. तुम्ही मात्र तिथे थबकाल, कारण तुमच्या पाचवीच्या वर्गात उद्या फळ्यावर लिहायचे वाक्य तुम्हाला सापडलेले असेल.

प्रश्न सुचत नसेल, तर मुलांच्या तपासलेल्या वह्या चाळा. माझ्या अनुभवात शिक्षकांचे उत्तम प्रश्न तिथेच सापडतात. वक्त्याचा एखादा लेख किंवा जुने व्याख्यान उपलब्ध असेल, तर त्यातली दहा मिनिटे आधी पाहावीत. त्यामुळे त्याची परिभाषा ओळखीची होते, आणि पहिल्या वीस मिनिटांत जी ओढाताण होते ती टळते.

आता वह्या तपासण्याच्या सवयीविषयी. ही सवय तुम्हाला सोडावी लागेल, आणि त्यासाठी मी तुम्हाला दोष देत नाही, कारण कामाचा डोंगर मला ठाऊक आहे. पण वही तपासताना आपण वाचतो, चूक हेरतो, गुण ठरवतो; वक्त्याचे म्हणणे समजून घेण्यासाठीही हीच शक्ती लागते. दोन्हीकडे ती पुरत नाही. २०१३ साली कॅनडातील संशोधकांनी व्याख्यानाच्या वेळी लॅपटॉपवर इतर कामे करणाऱ्या विद्यार्थ्यांची परीक्षा घेतली, तेव्हा त्यांचे गुण कमी आलेच, पण ज्यांना त्यांचा पडदा दिसत होता अशा मागे बसलेल्या विद्यार्थ्यांचेही कमी आले. ईमेलची टॅब उघडी ठेवून तुम्ही स्वतःच स्वतःच्या मागच्या बाकावर बसलेल्या असता. ती टॅब बंद करा, नोटिफिकेशन थांबवा आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. हाताला काहीतरी चाळा हवाच असेल, तर कागदावर चौकोन आणि गोल काढून ते रंगवत बसा. हे मी गंभीरपणे सांगते आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात ४० जणांना कंटाळवाणा ध्वनिमुद्रित निरोप ऐकवला गेला, आणि ऐकताना कागदावरचे आकार रंगवणाऱ्या गटाला त्यातला तपशील दुसऱ्या गटापेक्षा २९ टक्के अधिक आठवला. रेघोट्या ओढणारा हात मनाला भरकटू देत नाही. उत्तरपत्रिकेवर गुण देणारा हात मात्र मनच सोबत घेऊन जातो.

टिपणांविषयी माझे मत ठाम आहे. स्लाइडवरचा मजकूर उतरवू नका. स्लाइड बहुधा नंतर मिळते, आणि मिळाली नाही तरी तिच्यावरची मुद्द्यांची यादी सहसा फार मोलाची नसते. मोलाचे असते ते वक्त्याने स्लाइड सोडून सांगितलेले: एखादा वर्गातला प्रसंग, "हे मी दोनदा करून पाहिले आणि फसले" अशी कबुली, एखाद्या मुलाचे उत्तर. पानाच्या डाव्या बाजूला एक तृतीयांश जागा कोरी सोडा, उजवीकडे टिपणे घ्या, आणि नंतर डावीकडे त्या टिपणांवर प्रश्न लिहा. कॉर्नेल विद्यापीठात १९५० च्या दशकात रुजलेली ही पद्धत आजही मला सर्वांत उपयोगी वाटते, कारण तीत नंतर उजळणी करताना उजवी बाजू झाकून डावीकडचे प्रश्न स्वतःला विचारता येतात. आणखी एक छोटी सवय लावून घ्या: महत्त्वाचे काही ऐकले की शेजारी मिनिट लिहा. "३४ वे मिनिट, पट्ट्यांचे उदाहरण" एवढे पुरते. त्याचा उपयोग पुढे रेकॉर्डिंगच्या वेळी होईल.

साधनसामग्रीवर मी फार लिहिणार नाही. चांगला आवाज चांगल्या चित्रापेक्षा महत्त्वाचा आहे, म्हणून हेडफोन वापरा. इंटरनेट कमकुवत असेल तर व्हिडिओ बंद करा, कारण आवाजाला चित्राच्या मानाने फारच थोडा डेटा लागतो आणि चित्र बंद केल्यावर तुटणारा आवाज बऱ्याचदा सुधारतो. दहा मिनिटे आधी लिंक उघडून आवाज तपासा. सेमिनार परदेशातला असेल, तर वेळेची खात्री त्याच आठवड्यात पुन्हा करा: अमेरिकेत घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात आणि युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी, त्यामुळे मधल्या दोन-तीन आठवड्यांत दोन्हीकडच्या वेळांतले नेहमीचे अंतर तासाने बदलते, आणि पाठ असलेल्या हिशेबावर विसंबणारे लोक दरवर्षी तासभर आधी किंवा तासभर उशिरा येतात.

सेमिनारनंतर थकवा येतो, असे तुमच्या पत्रात नाही, पण पत्रातली धरसोड काही अंशी थकव्याचीही असावी, असा माझा अंदाज आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरेमी बेलन्सन यांनी २०२१ साली अशा थकव्याची चार कारणे मांडली होती: अगदी जवळून रोखलेल्या नजरा, स्वतःचा चेहरा सतत समोर दिसणे, एका जागी जखडून बसावे लागणे, आणि एरवी सहज होणाऱ्या खाणाखुणांसाठी करावे लागणारे जास्तीचे श्रम. यांतल्या दोन गोष्टी तुमच्या हातात आहेत. आपला चेहरा आपल्यापुरता लपवण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते, ती वापरा. आणि कॅमेरा बंद असेल तेव्हा उभे राहून ऐका, खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारा. दहा-पंधरा जणांच्या चर्चेत मात्र कॅमेरा सुरू ठेवावा, असे मला वाटते. काळ्या चौकोनांशी बोलणारा वक्ता हळूहळू वाचून दाखवू लागतो, आणि त्यात नुकसान सर्वांचेच होते.

आता तुमच्या भीतीविषयी, ज्यासाठी मला जरा सविस्तर लिहायचे आहे.

तुम्हाला दीडशे लोक दिसतात. सूत्रसंचालकाला काय दिसते, ते सांगते. सत्र संपायला आठ मिनिटे उरलेली असतात, प्रश्नांच्या रकान्यात वीस-पंचवीस नोंदी असतात, वक्त्याचे शेवटचे वाक्य चाललेले असते, आणि मला तेवढ्यात तीन किंवा चार प्रश्न निवडायचे असतात. पहिल्या अर्ध्या तासात आलेले प्रश्न मी एव्हाना वाचलेले असतात. शेवटच्या दोन मिनिटांत आलेले वाचून होत नाहीत. दहा ओळींचे निवेदन, ज्याच्या शेवटी प्रश्नचिन्हच नसते, ते इच्छा असूनही घेता येत नाही. "अपूर्णांक कसे शिकवावेत याबद्दल मार्गदर्शन करावे" अशी विनंती मी बाजूला ठेवते, कारण तिला उत्तर म्हणून वक्त्याला सगळे व्याख्यानच पुन्हा द्यावे लागेल. मी शोधत असते तो दोन ओळींचा प्रश्न, ज्याच्या पहिल्या ओळीत परिस्थिती आणि दुसऱ्या ओळीत एकच विचारणा असते. तुमचा प्रश्न असा लिहिता येईल: "पाचवीचा वर्ग; मुले १/२ + १/३ = २/५ असे लिहितात. समच्छेदाचा नियम सांगण्याआधी त्यांना तुकड्यांचा आकार समजला आहे, हे मी कोणत्या एका प्रश्नावरून ओळखू?" असा प्रश्न आधीच लिहून ठेवा आणि व्याख्यानाच्या मध्याच्या सुमारास रकान्यात टाका. तोवर त्याचे उत्तर व्याख्यानातच मिळून गेले, तर फारच उत्तम. मग त्या उत्तरातून जी पुढची शंका निघेल ती विचारा. गप्पांचा चॅट आणि प्रश्नांचा रकाना वेगवेगळे असतील, तर प्रश्न प्रश्नांच्याच रकान्यात लिहावा. चॅटमध्ये तो "नमस्कार" आणि "आवाज येत नाही" यांच्या प्रवाहात वाहून जातो.

बाळबोध ठरण्याविषयी एक प्रसंग सांगते. गणिताच्याच एका सत्रात कुणीतरी नाव न देता लिहिले होते, "छेद समान करायचे म्हणजे नेमके काय समान करायचे?" मी क्षणभर घुटमळले. सगळे श्रोते शिक्षक होते, आणि हा प्रश्न विचारला तर त्यांना कमीपणा वाटेल की काय, अशी शंका मनात आली. तरी मी तो वाचला. वक्त्या थांबल्या. त्यांनी स्लाइड बाजूला सारल्या, कॅमेऱ्यासमोर कागदाच्या दोन सारख्या लांबीच्या पट्ट्या धरल्या, एकीची घडी घालून दोन भाग केले, दुसरीचे तीन, आणि म्हणाल्या, "छेद हे तुकड्याचे नाव आहे. इथे एक तुकडा 'अर्धा' या नावाचा आहे आणि दुसरा 'तिसरा भाग' या नावाचा. नावे वेगळी असताना दोन तुकडे झाले असे आपण मोजतो खरे, पण दोन काय झाले?" मग त्यांनी दोन्ही पट्ट्यांना आणखी घड्या घातल्या, दोन्हींचे सहा-सहा भाग झाले, आणि एकीवरचे तीन आणि दुसरीवरचे दोन भाग बोटाने मोजून पाचावर थांबल्या. पाच षष्ठांश. यात जेमतेम सहा मिनिटे गेली असतील. तेवढ्या वेळात चॅटमध्ये "माझाही हाच प्रश्न होता", "इतकी वर्षे शिकवते आहे, आज कळले" अशा ओळींची रांग लागली. त्या सत्रातले बाकीचे व्याख्यान मला आज आठवत नाही. त्या घड्या आठवतात. ज्या प्रश्नाची तुम्हाला लाज वाटते, तो बहुधा दीडशेपैकी कित्येकांच्या ओठांवर अडकलेला असतो, आणि तो विचारणारी व्यक्ती त्या सर्वांवर उपकार करते. तरीही धीर होत नसेल, तर नाव न दाखवता विचारण्याची सोय पुष्कळ ठिकाणी असते. तिचा उपयोग करण्यात काहीही गैर नाही.

सत्र संपण्यापूर्वी चॅट जपून ठेवा. लोकांनी दिलेल्या लिंक, कृतिपत्रिका, एखाद्याचा चांगला अनुभव, हे सारे तिथे असते आणि आयोजकाने सत्र बंद केले की बहुतेक वेळा श्रोत्याच्या पडद्यावरून ते नाहीसे होते. जतन करण्याची सोय बंद ठेवली असेल, तर मजकूर निवडून दुसरीकडे चिकटवून ठेवावा.

उलट बाजूही सांगायला हवी. पंधरा-वीस मिनिटांनंतर हे सत्र आपल्यासाठी नाही, असे स्पष्ट दिसले, तर निघून जा. सभागृहातून उठून जाणे वक्त्याला बोचते. मोठ्या ऑनलाइन सत्रातून एक नाव कमी झाले, तर कुणाचाही विरस होत नाही. अर्धे मन तिथे आणि अर्धे वह्यांत ठेवून तासभर बसण्यापेक्षा पूर्ण मनाने वह्या तपासलेल्या बऱ्या.

या सगळ्यानंतर येते ती सर्वांत दुर्लक्षित वेळ, म्हणजे सेमिनार संपल्यानंतरचा अर्धा तास. कॅलेंडरमध्ये एका तासाच्या सत्रासाठी दीड तास राखून ठेवा, आणि तो शेवटचा अर्धा तास कुणालाही देऊ नका. लॅपटॉप मिटा, टिपणांची वही बाजूला ठेवा, कोरा कागद घ्या आणि जे आठवते ते दहा मिनिटे लिहा. हे करताना तुम्हाला अस्वस्थ वाटेल, कारण दोन मिनिटांतच आठवणींचा साठा संपल्यासारखा होईल. तरी लिहीत राहा. त्यानंतरच टिपणे उघडा आणि काय निसटले ते वेगळ्या रंगाने भरा.

हा क्रम महत्त्वाचा आहे, आणि त्यामागे आधार आहे. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. काहींनी तोच उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न पाहता आठवून लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते: त्यांना ८१ टक्के भाग आठवला, आठवून लिहिणाऱ्यांना ७५ टक्के. आठवड्यानंतर मात्र चित्र उलटले. पुन्हा वाचणाऱ्यांकडे ४२ टक्के उरले होते, आठवून लिहिणाऱ्यांकडे ५६ टक्के. सत्र संपताच तुम्हाला "सगळे समजले" असे जे समाधान वाटते, ते पाच मिनिटांनंतरचे समाधान आहे. तुमच्या सहकारी शिक्षिकेने प्रश्न विचारला तो बऱ्याच दिवसांनंतर, आणि तोवर तुम्ही एकदाही आठवून पाहिलेले नव्हते. म्हणून त्या दहा मिनिटांनंतर, दोन-तीन दिवसांनी आणि पुन्हा आठवड्याने, पानाची उजवी बाजू झाकून डावीकडच्या प्रश्नांची उत्तरे द्या. यासाठी दर वेळी पाच मिनिटे पुरतात.

त्या अर्ध्या तासाच्या उरलेल्या भागात एकच निर्णय घ्या: यातले काय मी येत्या आठवड्यात वर्गात करणार आहे. कोणत्या इयत्तेला, कोणत्या तासाला, हेही लिहा. "पट्ट्यांचा वापर करायला हवा" हा विचार दोन दिवसांत विरून जातो. "गुरुवारी तिसऱ्या तासाला पाचवीत प्रत्येकाला दोन पट्ट्या द्यायच्या" ही नोंद मागे लागते. वर्गात करून पाहिल्यावर काय घडले, ते वक्त्याला चार ओळींत कळवा. सुंदर व्याख्यानाबद्दल आभार मानणारी पत्रे वक्त्यांना पुष्कळ येतात. "तुमची पट्ट्यांची कृती केली, निम्म्या मुलांना दोन पट्ट्या मिळून एकच पूर्ण आहे असे वाटले, आणि त्यांनी पाच द्वादशांश असे उत्तर दिले" असे लिहिणारी शिक्षिका क्वचित भेटते, आणि तिला उत्तर लिहायला वक्ता आवर्जून वेळ काढतो. सभागृहात शेजारी बसणारा जो माणूस तुम्ही गमावला आहे, तो अशा पत्रव्यवहारातून परत मिळतो. तो मिळवण्याचा आणखी सोपा मार्ग म्हणजे एखाद्या सहकाऱ्यासह एकाच सेमिनारला नाव नोंदवणे आणि संपताच दहा मिनिटे फोनवर बोलणे.

रेकॉर्डिंगविषयी तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलेत, आणि तुमच्यासारखे असंख्य लोक आहेत. रेकॉर्डिंग मिळणार या भरवशावर आपण थेट सत्र अर्धवट ऐकतो, आणि अर्धवट ऐकलेले पुन्हा पूर्ण तासभर पाहण्याचा उत्साह कुणालाच नसतो. म्हणून ते पूर्ण पाहायचेच नाही, असे ठरवून टाका. टिपणांशेजारी लिहिलेली मिनिटे काढा आणि तेवढेच तुकडे पाहा. तासाच्या सत्रातले दहा-बारा मिनिटांचेच काम असते. जे सत्र चुकले ते पूर्ण पाहायचे असेल, तर वेग वाढवायला हरकत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी २०२१ साली तपासले तेव्हा दुप्पट वेगापर्यंत व्याख्यान समजण्यात फारसा फरक पडला नाही, त्यापुढे मात्र आकलन घसरले. मी स्वतः बोलण्याचा भाग दीडपट वेगाने ऐकते आणि कृती दाखवली जात असेल तिथे वेग पूर्ववत करते, कारण हात कसे चालतात ते पाहायला डोळ्यांना अवधी लागतो. रेकॉर्डिंग आल्या दिवसापासून सात दिवसांत पाहिले गेले नाही, तर ते यादीतून काढून टाका. न पाहिलेल्या रेकॉर्डिंगचे ओझे पुढच्या सेमिनारलाही तुमच्या मानेवर असते.

प्रमाणपत्रे नोकरीसाठी लागतात, ती जपून ठेवा. त्यांची फाइल करताना प्रत्येकासोबत एक ओळ जोडा: या सत्रातून मी वर्गात काय केले. तेवीसपैकी किती प्रमाणपत्रांसमोर ती ओळ लिहिता येते, हे पाहिल्यावर पुढच्या वर्षी कुठे जायचे ते तुम्हाला कुणाला विचारावे लागणार नाही.

आता या आठवड्यासाठी एक काम. अपूर्णांकांच्या त्या सेमिनारमधली तुम्हाला आठवलेली दोन वाक्ये कोऱ्या पानावर लिहा. ती दोनच असली तरी इतके दिवस टिकली आहेत, म्हणजे तुमच्या वर्गाशी त्यांचे काहीतरी नाते असणार. ते नाते काय, हे त्यांच्याखाली लिहा, मग रेकॉर्डिंग अजून उपलब्ध असेल तर ती वाक्ये जिथे येतात तेवढाच भाग शोधून पाहा, आणि ज्या सहकारी शिक्षिकेने तुम्हाला विचारले होते, त्यांना मधल्या सुटीत गाठून सांगा. पुढच्या सेमिनारचे निमंत्रण आले की नाव नोंदवण्यापूर्वी वहीच्या वरच्या ओळीत तुमचा प्रश्न लिहा. अर्ध्या तासातही प्रश्न सुचला नाही, तर त्या संध्याकाळी निश्चिंत मनाने वह्या तपासायला घ्या.